खोक्यावरचे लुमेन आणि हातातली टॉर्च

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे टॉर्चविषयी पत्रे येतातच. यंदा ती नेहमीपेक्षा जास्त आली आणि बहुतेकांचा रोख एकच आहे : बाजारात शे-दोनशे रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंत टॉर्च मिळत असताना चांगली कोणती, आणि तिला चांगली का म्हणायचे? त्यांपैकी चार पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांना त्याचा आधार आहे.

प्रश्न : आम्ही मित्र सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करतो. मागच्या वर्षी मी ऑनलाइन मागवलेल्या तळहाताएवढ्या टॉर्चच्या खोक्यावर ‘१०,००० लुमेन’ आणि ‘८ तास’ असे छापले होते. पहिली पाच मिनिटे ती झकास वाटते, मग मंदावत जाते आणि दोन तासांत मान टाकते. माझ्या मित्राची टॉर्च ९०० लुमेनचीच आहे, पण ती रात्रभर पुरते आणि तिच्या उजेडात वाट अधिक स्पष्ट दिसते. असे का व्हावे? खरोखर असामान्य म्हणावी अशी टॉर्च कशी ओळखायची? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी खोक्यावरच्या आकड्यांचा हिशेब करू. लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व बाजूंनी मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. आपल्या टॉर्चमध्ये बहुधा ‘१८६५०’ सेल असेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन सेल. या मापाच्या उत्तम सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. सरासरी व्होल्टेज ३.६ धरले तर त्यात १२.६ वॅट-तास ऊर्जा मावते. सर्किटमध्ये आणि काचेत होणारी घट वजा जाता एका वॅटमागे शंभर ते दीडशे लुमेन मिळतात असे धरले, तर भरलेल्या एका सेलमधून साधारण १,२०० ते १,९०० ‘लुमेन-तास’ निघतील. खोक्यावरचा दावा १०,००० गुणिले ८, म्हणजे ८०,००० लुमेन-तासांचा आहे. त्यासाठी असे चाळीसहून अधिक सेल लागतील आणि ते पाठीवर वाहून न्यावे लागतील. हॅलोजन हेडलाइट असलेल्या मोटारीतल्या नेहमीच्या एच-४ बल्बचा लो बीम साधारण १,००० लुमेनचा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी अशा आकड्यांचे पितळ दुकानातच उघडे पडते. सेलवर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेले असेल, तर तेही असेच समजावे. या मापाच्या अस्सल सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. बनावट सेल बहुधा त्याहून बराच हलका लागतो.

आता मित्राच्या टॉर्चकडे येऊ. ९०० हा आकडा बहुधा मोजून छापलेला आहे. अमेरिकेत २००९ मध्ये टॉर्चसाठी ‘एएनएसआय एफएल-१’ हे मानक आले आणि जबाबदार उत्पादक ते पाळतात. या मानकानुसार उजेड टॉर्च लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या दरम्यान मोजतात, म्हणजे पहिल्या क्षणाची झळाळी हिशेबात येत नाही. झोत जेथे ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो, तेथपर्यंतचे अंतर ‘पल्ला’ म्हणून धरतात. टॉर्च किती वेळ चालते हे मात्र सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजले जाते, आणि खरी मेख येथे आहे. १,००० लुमेनची टॉर्च तीन मिनिटांत २०० वर आली आणि पुढे चार तास तेथेच राहिली, तर खोक्यावर ‘१,००० लुमेन’ आणि ‘४ तास’ हे दोन्ही आकडे मानकाच्या चौकटीत राहून छापता येतात. एकही आकडा खोटा नसतो आणि तरीही खरेदीदाराची समजूत चुकीची होते. म्हणून आकड्यापेक्षा वेळेनुसार उजेड कसा बदलतो हे दाखवणारा आलेख पाहावा. काही उत्पादक तो माहितीपत्रकातच देतात. जे देत नाहीत, त्यांच्या मोठ्या आकड्यांवर आम्ही तरी भरवसा ठेवणार नाही.

उजेड उतरतो तो दोन कारणांनी. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि बोटभर धातूला ती फार वेळ बाहेर टाकता येत नाही, म्हणून सर्किट स्वतःहून वीज कमी करते. ते योग्यच आहे. तसे न करणारी टॉर्च हाताला चटका देते आणि एलईडीचे आयुष्यही घटवते. दुसरे कारण सेलचे व्होल्टेज. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि संपत येताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. स्वस्त टॉर्चमध्ये एलईडी जवळजवळ थेट सेललाच जोडलेला असतो, त्यामुळे व्होल्टेजबरोबर उजेडही उतरतो. चांगल्या टॉर्चमध्ये मधे एक नियामक सर्किट असते (त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात) आणि ते सेल रिकामा होत असतानाही एलईडीला ठरावीकच वीज देते. टॉर्चच्या किमतीतला फरक पुष्कळदा या न दिसणाऱ्या भागातच असतो. वरच्या हिशेबाने एका चांगल्या सेलवर २०० लुमेन सहा-सात तास मिळू शकतात. ट्रेकला चालण्यासाठी एवढा उजेड भरपूर होतो आणि मित्राची टॉर्च रात्रभर पुरते ती यामुळेच. कोणी आम्हाला एकच कसोटी विचारली, तर आम्ही म्हणू की तिसऱ्या तासाला टॉर्च काय देते ते पाहा.

दुसरी कसोटी खालच्या टोकाची आहे. सर्वांत मंद उजेड किती, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. तंबूत किंवा गडावरच्या लेण्यात इतर मंडळी झोपलेली असताना पिशवीतून औषध काढायचे असेल तर एक लुमेन पुष्कळ होतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि १०० लुमेनचा एक झोत ते सगळे क्षणात घालवतो. ज्या टॉर्चमध्ये एक लुमेनच्या आतला टप्पा आहे आणि ती बंद असताना थेट त्या टप्प्यावर लावता येते, ती बनवणाऱ्याने रात्र पाहिलेली आहे असे समजावे. याउलट एकच बटण पाच वेळा दाबून, लुकलुकणारे दोन प्रकार ओलांडून मग मंद उजेडाशी पोचवणाऱ्या टॉर्च बाजारात ढिगाने आहेत. त्या लुकलुकण्याची हौस कोणाला असते, कोण जाणे.

मंद उजेड कसा साधला आहे, हेही तपासण्यासारखे आहे. काही सर्किटे एलईडीला खरोखर कमी वीज देतात, तर काही त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून डोळ्यांना मंदपणाचा भास घडवतात. पावसात टॉर्च तिरपी धरा. पडणाऱ्या थेंबांच्या सलग रेघा दिसण्याऐवजी तुटक ठिपके दिसले, तर दुसरा प्रकार आहे. त्यावर फार वेळ चालल्यास काहींचे डोळे शिणतात.

मित्राच्या टॉर्चमध्ये वाट अधिक स्पष्ट दिसते, याचे कारण बहुधा रंगांत आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो आणि त्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्याचा काही भाग इतर रंगांत बदलतो. लेप साधा असेल तर लाल रंगाचा वाटा अपुरा राहतो. रंग किती खरे दिसतात हे ‘सीआरआय’ या निर्देशांकाने मोजतात. जुन्या तारेच्या बल्बला त्यात जवळपास १०० गुण मिळतात, साध्या एलईडीला ७० च्या आसपास आणि निवडक एलईडींना ९० किंवा अधिक. गुण वाढले की लुमेन थोडे घटतात, म्हणून आकड्यांच्या शर्यतीतले उत्पादक हे एलईडी टाळतात. कमी गुणांच्या उजेडात मातीची वाट, वाळके गवत आणि तांबूस कातळ एकाच राखी रंगात मिसळतात, जखमेतले रक्त काळपट दिसते, आणि वायरमनला लाल व तपकिरी वायरीत गफलत होण्याची भीती असते. आमच्या मते ९०० ऐवजी ७०० लुमेन पत्करून ९० गुणांचा एलईडी घेणे हा फायद्याचाच सौदा आहे.

पावसाळी ट्रेकसाठी एक सूचना. धुक्यात जास्त उजेड म्हणजे डोळ्यांसमोर पांढरी भिंत. पिवळा उजेड धुके भेदतो असा समज आहे, परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फरक पडतो तो दिवा आणि डोळे यांच्यातल्या अंतराने. कपाळावरचा दिवा काढून कमरेखाली धरला आणि उजेड एका टप्प्याने कमी केला, की पायापुढची वाट दिसू लागते.

प्रश्न : आमच्या भागात शेतीपंपाला काही दिवस रात्रीच वीज मिळते, त्यामुळे उसाला पाणी द्यायला रात्री जावे लागते. बिबट्याचा वावर आहे आणि सापांचीही भीती असते. टॉर्च लांब झोताची घ्यावी की पसरट उजेडाची? हातातली बरी की कपाळावर बांधायची? — ऊस उत्पादक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींना लागणारा उजेड वेगळा आहे. शक्य असेल तर दोन दिवे बाळगावेत.

साप दिसण्यासाठी पायापासून पाच-सात मीटरपर्यंत सारखा पसरलेला उजेड हवा. त्यासाठी १०० ते २०० लुमेन पुरतात, मात्र रंग खरे दिसले पाहिजेत. घोणस आणि फुरसे यांचे तपकिरी रंग वाळलेल्या पाचटात इतके मिसळून जातात, की लाल-तपकिरी छटा दाबणाऱ्या निळसर उजेडात ते ओळखणे आणखी कठीण होते. म्हणून किंचित पिवळसर आणि वर सांगितलेल्या निर्देशांकात ९० च्या पुढे असणारा एलईडी घ्यावा. तो कोठे धरता यालाही तितकेच महत्त्व आहे. कपाळावरून पडणारा उजेड आणि आपली नजर एकाच दिशेने जात असल्याने वस्तूची सावली तिच्या मागेच लपते आणि जमीन सपाट भासते. दिवा गुडघ्याच्या उंचीवर धरला तर ढेकूळ, पाचट, पाण्याचा पाइप आणि साप या सर्वांची लांब सावली पडते, आणि जे एरवी नजरेतून निसटले असते ते उठून दिसते. दुसऱ्या हातात काठी आणि पायात गमबूट असावेत, हे आपल्याला सांगायला नको.

बिबट्याच्या बाबतीत नेमके उलट करावे लागते. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला चकाकणारा थर असतो आणि तो उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. ती चमक दिसायची तर आपला डोळा दिव्याच्या अगदी जवळ हवा. म्हणून टॉर्च कानशिलाजवळ धरून किंवा कपाळावर बांधून शेताची कड, बांध आणि झाडांच्या फांद्या सावकाश न्याहाळाव्यात. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने हीच चमक दिसत नाही. गायी, कुत्री आणि मांजरे यांचे डोळेही असेच चमकतात, त्यामुळे नुसत्या चमकेवरून प्राणी ठरवू नये. पण काहीतरी आहे हे वेळेवर कळते आणि मोठ्याने बोलत, सोबत घेऊन मागे फिरता येते.

या दुसऱ्या कामाला लांब झोत लागतो आणि तेथे लुमेनपेक्षा ‘कॅंडेला’ पाहावे. झोताच्या मध्यभागाची तीव्रता कॅंडेलात मोजतात. त्या संख्येच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मानकाप्रमाणे पल्ला मीटरमध्ये मिळतो : १०,००० कॅंडेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. म्हणजे पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. हा पल्ला चांदण्याइतक्या उजेडाचा असल्याने वस्तू ओळखण्यासाठी त्याच्या निम्मेच अंतर धरावे. १०,००० ते १५,००० कॅंडेलाची टॉर्च शेताला पुरते. पुढची काच मागे-पुढे सरकवून झोत बारीक करण्याच्या टॉर्च मोहक असतात, पण झोत बारीक केला की एलईडीचा बराच उजेड काचेपर्यंत न पोचता आतच वाया जातो आणि सरकत्या भागातून पाणी शिरण्याचा धोका राहतो. पाटाच्या पाण्यात पडली तरी चालावी म्हणून खोक्यावर ‘आयपीएक्स-७’ किंवा ‘८’ हा दर्जा पाहावा. सातचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. चार असेल तर ती फक्त शिंतोडे सोसते.

प्रश्न : वडिलांची तीन सेलची पितळी टॉर्च जपून ठेवली आहे. आत सेल पाझरून हिरवट-पांढरे किटण चढले आहे. ती साफ करून तिच्यात एलईडी बसवता येईल का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : साफ करता येईल, पण आधी पाझरलेला सेल कोणत्या जातीचा होता ते पाहावे. अल्कलाइन सेलमधून क्षार पाझरतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. जुन्या साध्या झिंक-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा चालतो. कापडाचा बोळा भिजवून पुसावे, नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावे. हातमोजे घालावेत. स्प्रिंग आणि स्विचची पट्टी बारीक पॉलिश कागदाने चकचकीत केली नाही, तर नवा बल्बही मिणमिणता राहील.

जुन्या बल्बच्या बैठकीत बसणारे एलईडी बल्ब मिळतात. घेताना दोन गोष्टी तपासाव्यात : तो तीन सेलच्या ४.५ व्होल्टना चालतो ना, आणि सेलची दिशा उलटी झाली तर तो पेटणार नाही, हे ध्यानात ठेवावे. तारेच्या बल्बला दिशेचे सोयरसुतक नव्हते. एक अपेक्षाभंग मात्र होऊ शकतो. जुना परावर्तक एका बिंदूतून सर्व बाजूंना उजेड फेकणाऱ्या तारेसाठी घडवलेला आहे. त्याच्या वाटीवर पडलेला उजेड गोळा होऊन झोत बनत असे. एलईडी मात्र पुढच्याच बाजूला उजेड टाकतो आणि त्यातला बराचसा वाटीला न शिवताच बाहेर जातो. त्यामुळे खोली उजळेल, पण आंब्याच्या शेंड्यापर्यंत जाणारा तो जुना झोत मिळेलच असे नाही. डोके फिरवून झोत जुळवण्याची सोय असेल तर ती वापरून पाहावी, एलईडी थोडा मागेपुढे झाल्यावर बराच फरक पडतो. पितळेला पॉलिश करायचे की जुना रंग राखायचा, हा आपल्या आवडीचा भाग आहे. आम्ही राखला असता.

प्रश्न : कोकणात आमच्याकडे पावसात वीज वारंवार जाते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची टॉर्च दर वर्षा-दीड वर्षाने निकामी होते. आता टाइप-सी चार्जिंगची नवी आणली, तर ती मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्जच होत नाही. ती सदोष आहे का? — एक गृहिणी, राजापूर

उत्तर : सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण चार्ज होत नाही. वापर असो वा नसो, महिन्यातून एकदा ती भरावी. मात्र ती दिवसच्या दिवस सॉकेटलाही लावून ठेवू नये, कारण पुष्कळ टॉर्चमध्ये बॅटरी भरल्यावर वीज तोडणारी सोय नसते. यांतल्या अनेकांत ट्रान्सफॉर्मरही नसतो, म्हणजे आतल्या धातूच्या भागांचा घरातल्या विजेशी थेट संबंध येतो. प्लग लावलेला असताना ती कधीही उघडू नये, आणि तडा गेलेली असेल तर सरळ टाकून द्यावी.

आपली नवी टॉर्च बंद पडलेली नाही. तिच्यात काटकसर केलेली आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर तेव्हाच वीज सोडतो, जेव्हा समोरच्या उपकरणातले दोन ठरावीक रोधक (रेझिस्टर) त्याला आढळतात. काही रुपये वाचवण्यासाठी अनेक उत्पादक ते बसवतच नाहीत. जुना, चौकोनी रुंद तोंडाचा चार्जर आणि एका टोकाला तसाच प्लग असलेली केबल वापरा, टॉर्च भरली जाईल. पुढच्या वेळी विकत घेताना दुकानदाराला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने भरून दाखवायला सांगा.

घरात एक टॉर्च एए मापाच्या सेलवर चालणारीही असावी, आणि त्यात कमी उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल घालावेत; ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवतात आणि अल्कलाइनसारखे पाझरून टॉर्च खराब करण्याचा धोका फार कमी असतो. टाइप-सी टॉर्च अंधारात सापडावी म्हणून तिच्या बटणात बारीक दिवा असेल, तर तो सतत थोडी वीज घेत असतो. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण पावसाळा संपून ती कपाटात जाणार असेल तेव्हा सेल अर्धा भरलेला ठेवावा आणि मागचे झाकण पाव आटा सैल करावे. बहुतेक चांगल्या टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो, त्यामुळे तेवढ्याने सेलचा संबंध तुटतो आणि पिशवीत बटण दाबले जाऊन ती आपोआप लागण्याची भीतीही राहत नाही.